शेमा (ज्यू धर्म)

शेमा किंवा शेमा इस्रायल हा ज्यू (यहुदी) धर्मातील एकेश्वरत्वाचा जाहीरनामा असून तोराह या मूळ धर्मग्रंथातील तीन उताऱ्यांचा तो पाठ आहे. तो रोज सकाळी व रात्री म्हटला जातो. हिब्रू भाषेत 'शेमा' या शब्दाचा अर्थ 'ऐक' असा होतो. पाठातील पहिले वाक्य याच शब्दाने सुरू होत असल्याने संपूर्ण पाठाला ते नाव मिळाले आहे.

सामान्य बोलण्यात शेमाला प्रार्थना म्हटले जाते. परंतु ज्यू धर्मशास्त्राच्या परिभाषेत ती प्रार्थना नव्हे. तिच्यात ईश्वराकडे काहीही मागितलेले नाही आणि पहिले वाक्य तर ईश्वराला उद्देशूनही नाही. ते इस्रायलच्या लोकांना उद्देशून आहे. म्हणून शास्त्रात या विधीला 'क्रिअत शेमा', म्हणजे शेमाचे वाचन, असे म्हणतात. उभे राहून म्हटली जाणारी 'अमिदा' ही खरी प्रार्थना (तेफिल्ला) होय. वाचन आणि प्रार्थना यांचे नियम निरनिराळे आहेत. हा भेद लक्षात न घेतल्यास पुढील अनेक वाद अनाकलनीय वाटतात.

ज्यू धर्मशास्त्राला 'हलाखा' म्हणतात. त्याचा पहिला संहिताबद्ध ग्रंथ मिश्ना हा इ.स. २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हानासी यांनी सिद्ध केला. या ग्रंथाच्या अगदी आरंभीच 'रात्रीचा शेमा केव्हापासून वाचावा' हा प्रश्न येतो. शेमा वाचावा की नाही, हे तेथे विचारलेले नाही. कर्तव्य गृहीत धरून थेट वेळेकडे वळण्याची ही पद्धत रब्बींच्या विचारसरणीची ओळख पटविणारी आहे.

पाठाची रचना

पाठाचे तीनही उतारे तोराहमधील आहेत. मराठी बायबलमधील ग्रंथनामे वापरल्यास ते अनुवाद ६:४–९, अनुवाद ११:१३–२१ आणि गणना १५:३७–४१ येथे सापडतात.

पहिल्या उताऱ्यात ईश्वराच्या एकत्वाची घोषणा असून त्याच्यावर संपूर्ण अंतःकरणाने, जिवाने व बळाने प्रेम करण्याची आज्ञा आहे. हे शब्द मुलांना शिकवावेत, घरी बसताना व वाटेने चालताना, निजताना व उठताना त्यांच्याविषयी बोलावे, ते हातावर बांधावेत आणि दाराच्या चौकटीवर लिहावेत, असेही त्यात सांगितले आहे. दुसरा उतारा आज्ञापालनाचे फळ सांगतो. आज्ञा पाळल्यास वेळेवर पाऊस व धान्य, न पाळल्यास अवर्षण, असा त्याचा आशय आहे. तिसऱ्या उताऱ्यात वस्त्राच्या कोपऱ्यांना निळ्या धाग्यासह गोंडे (त्सित्सित) लावण्याची आज्ञा व इजिप्तमधील दास्यातून झालेल्या सुटकेचे स्मरण आहे.

उताऱ्यांचा हा क्रम तोराहतील क्रमाशी जुळत नाही, कारण गणना हा ग्रंथ अनुवादाच्या आधी येतो. रब्बी यहोशुआ बेन कोर्हा यांनी याचे कारण मिश्नात दिले आहे. माणसाने आधी स्वर्गीय राज्याचे जू खांद्यावर घ्यावे आणि मगच आज्ञांचे जू घ्यावे, म्हणून पहिला उतारा दुसऱ्याच्या आधी येतो. तिसऱ्यातील गोंड्यांची आज्ञा केवळ दिवसा लागू असते, म्हणून त्याचे स्थान शेवटी.

त्सित्सितची आज्ञा रात्री लागू नसेल तर तिसरा उतारा रात्री का वाचावा, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. तोराहत इजिप्तमधून निघाल्याच्या दिवसाचे स्मरण आयुष्यातील 'सर्व' दिवस ठेवावे असे म्हटले आहे. बेन झोमा या विद्वानाने या 'सर्व' शब्दावर बोट ठेवले. नुसते 'दिवस' म्हटले असते तर दिवसच अभिप्रेत झाले असते, 'सर्व' या अधिक शब्दाने रात्रीही आल्या, असा त्याचा युक्तिवाद होता. इतर विद्वानांनी त्याच शब्दातून या जगातील आयुष्य व मसीहाचा काळ असा वेगळा अर्थ काढला. एकाही शब्दाला अनावश्यक न मानणे हा रब्बींच्या अर्थनिर्णयाचा पाया आहे, आणि शेमाचे जवळजवळ सर्व नियम अशाच वाचनातून उभे राहिले आहेत.

पाठाचे एकूण शब्द २४५ होतात. मानवी शरीराचे अवयव २४८ आहेत अशी जुनी गणना असल्याने तीन शब्दांची उणीव भरून काढण्याची प्रथा पडली. सामुदायिक उपासनेत पाठ सांगणारा (हझान) शेवटचे तीन शब्द मोठ्याने पुन्हा उच्चारतो. एकट्याने वाचताना अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेतील) ज्यू आरंभी तीन शब्दांचे एक वाक्य जोडतात.

पाठाच्या मागेपुढे स्तुतिवचने (बराखोत) असतात. सकाळी आधी दोन व नंतर एक, रात्री आधी दोन व नंतर दोन, अशी ही सात वचने मिश्नाने निश्चित केली आहेत.

प्राचीन पुरावे

इजिप्तमध्ये सापडलेल्या व 'नॅश पपायरस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिब्रू लेखात दहा आज्ञांना लागूनच शेमाचा आरंभ लिहिलेला आहे. हा लेख सामान्यतः इ.स.पू. दुसऱ्या शतकातील मानला जातो. स्टॅन्ली कुक यांनी तो १९०३ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मृत समुद्राच्या हस्तलिखितांचा शोध लागण्यापूर्वी हिब्रू बायबलमधील मजकूर असलेला याहून जुना लेख ज्ञात नव्हता.

दहा आज्ञा व शेमा यांची ही जोडी अपघाताने पडलेली नाही. जेरुसलेमच्या मंदिरात याजक सकाळी दहा आज्ञा व त्यानंतर शेमाचे तीन उतारे म्हणत, असे मिश्ना नोंदवते. मंदिराबाहेरही तसे म्हणण्याची इच्छा होती, परंतु पाखंडी मताच्या लोकांमुळे ती प्रथा बंद करण्यात आली, असे तालमूद सांगतो. सिनाई पर्वतावर ईश्वराने केवळ दहा आज्ञाच दिल्या, बाकीची तोराह दैवी नाही, असे म्हणण्यास त्यांना आधार मिळू नये हा त्यामागील हेतू होता. अशा रीतीने ज्यू परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध मजकूर दैनंदिन पाठातून वगळला गेला आणि शेमा राहिला. नव्या करारातील मार्कच्या शुभवर्तमानातही सर्वांत मोठी आज्ञा कोणती या प्रश्नाला येशू शेमाच्या पहिल्या वाक्यानेच उत्तर देतो.

वेळेचा प्रश्न

रात्रीचा शेमा याजक आपले पवित्र अन्न खाण्यास जात त्या वेळेपासून, म्हणजे तारे दिसू लागल्यापासून, वाचता येतो. त्याच्या अखेरच्या मर्यादेविषयी मिश्नात तीन मते आहेत. रब्बी एलिएझर यांच्या मते रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत, विद्वानांच्या मते मध्यरात्रीपर्यंत, तर रब्बान गमलिएल यांच्या मते पहाट फुटेपर्यंत वाचन करता येते. याच ठिकाणी एक घरगुती प्रसंग आला आहे. गमलिएल यांचे पुत्र मेजवानीहून उशिरा परतले व शेमा वाचायचा राहिल्याचे त्यांनी वडिलांना सांगितले. पहाट झाली नसेल तर तुम्ही वाचलेच पाहिजे, असे वडिलांनी सांगितले. विद्वानांनी 'मध्यरात्र' म्हटले ते माणसाला कायदाभंगापासून दूर ठेवण्यासाठी, मूळ मुदत पहाटेपर्यंतच आहे, असे स्पष्टीकरणही त्यासोबत येते. नियमाभोवती कुंपण घालण्याच्या रब्बींच्या पद्धतीचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरले आहे.

सकाळच्या वाचनासाठी मिश्नाने घड्याळाऐवजी डोळ्यांची कसोटी सांगितली. निळा व पांढरा धागा वेगळा ओळखता येऊ लागला की वेळ सुरू होते. रब्बी एलिएझर यांनी निळा व कांद्याच्या पातीसारखा हिरवा अशी अधिक कठीण कसोटी सुचविली. शेवटची मर्यादा रब्बी यहोशुआ यांच्या मतानुसार दिवसाच्या तिसऱ्या तासाच्या अखेरपर्यंत ठरली, कारण राजपुत्र तेवढ्या उशिरा उठतात. 'उठताना' या शब्दात जगात कोणीही उठत असण्याची वेळ येते, मग तो राजपुत्र का असेना, असा हा तर्क आहे.

हे तास साठ मिनिटांचे नसतात. दिवसाचे बारा समान भाग करून त्यांतील एकाला तास म्हणतात, त्यामुळे त्याची लांबी ऋतूनुसार बदलते. दिवस कोठून कोठपर्यंत मोजायचा यावर उत्तरकाळात दोन पक्ष झाले. सतराव्या शतकातील अब्राहम गोम्बिनर यांच्या 'मागेन अव्राहम' या भाष्यानुसार पहाटेपासून रात्र पडेपर्यंत, तर अठराव्या शतकातील विल्नाचे गाओन एलिजा यांच्या मते सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. सूर्योदय ६ वाजता व सूर्यास्त संध्याकाळी ६ वाजता असलेल्या दिवशी पहाट सूर्योदयाआधी ७२ मिनिटे धरली, तर पहिल्या मतानुसार मुदत ८ वाजून २४ मिनिटांनी व दुसऱ्या मतानुसार ९ वाजता संपते. ज्यू दिनदर्शिकांत आजही दोन्ही वेळा छापलेल्या आढळतात. मुदत चुकलेल्याने पाठ वाचू नये असे नाही. तोराहचे वाचन केल्याचे पुण्य त्याला मिळते, पण शेमाचे कर्तव्य वेळेवर पार पडल्याचे मानले जात नाही.

रात्रीच्या वेळेचा प्रश्न मध्ययुगीन युरोपात निराळ्याच कारणाने तीव्र झाला. उन्हाळ्यात तेथे अंधार फार उशिरा पडतो आणि अनेक समाज सभास्थानातील (सिनेगॉगमधील) सायंप्रार्थना उजेड असतानाच उरकत. तालमूदचे थोर भाष्यकार राशी (१०४०–११०५) यांच्या बेराखोत या पहिल्या ग्रंथावरील भाष्याचा आरंभ याच अडचणीपासून होतो. त्यांच्या मते सभास्थानातील ते वाचन केवळ तोराहच्या शब्दांतून प्रार्थनेकडे वळण्यासाठी असते. खरे कर्तव्य अंधार पडल्यावर, निजण्यापूर्वी घरी वाचूनच पूर्ण होते. त्यांचे नातू रब्बेनू ताम यांना हे मान्य नव्हते. समाज जे वाचतो तेच खरे वाचन, असे त्यांनी प्रतिपादिले आणि प्रचलित प्रथेला शास्त्राधार शोधला.

निजताना व उठताना

पहिल्या उताऱ्यातील 'निजताना व उठताना' हे शब्द शम्माय व हिल्लेल या दोन परंपरांमधील प्रसिद्ध मतभेदाचे मूळ आहेत. शम्मायच्या परंपरेने ते शब्दशः घेतले. त्यानुसार रात्री आडवे होऊन व सकाळी उभे राहून वाचले पाहिजे. हिल्लेलच्या परंपरेने त्याच उताऱ्यातील 'वाटेने चालताना' या शब्दांकडे लक्ष वेधले. चालणाराही वाचू शकतो, म्हणजे प्रत्येकाने आहे त्या स्थितीत वाचावे. 'निजताना' व 'उठताना' हे शब्द शरीराच्या स्थितीचे नसून लोकांच्या निजण्या-उठण्याच्या वेळेचे निदर्शक आहेत.

रब्बी तारफोन हे एकदा प्रवासात शम्मायच्या मतानुसार वाचण्यासाठी आडवे झाले व लुटारूंच्या तावडीत सापडता सापडता वाचले. ही हकिकत त्यांनी सांगितल्यावर सहानुभूती तर मिळाली नाहीच. हिल्लेलचे मत मोडल्याबद्दल तुमच्यावर ते संकट योग्यच आले होते, असे विद्वानांनी त्यांना ऐकविले. निर्णय एकदा झाल्यावर स्वेच्छेने अधिक कडक मत पाळणेही परंपरेला मान्य नव्हते, हे त्यातून दिसते.

पुढे बसून की उभे राहून हा भेद प्रादेशिक झाला. पॅलेस्टाइनमधील ज्यू उभे राहून वाचत, बॅबिलोनमधील बसून. बॅबिलोनची प्रथा बहुतेक सर्वत्र स्थिरावली. आधुनिक सुधारक (रिफॉर्म) सभास्थानांत मात्र पहिल्या वाक्यासाठी उभे राहण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि सनातनी मंडळींना ती हिल्लेलच्या निर्णयाला विसंगत वाटते.

भाषा आणि एकाग्रता

रोज दोनदा म्हटलेले शब्द यांत्रिक होतात, ही अडचण रब्बींना पुरती ठाऊक होती. तोराहचा तो भाग एखादा सहज वाचत असताना शेमाची वेळ आली, तर त्याने मन लावले असल्यासच कर्तव्य पार पडते, असे मिश्ना सांगते. या मन लावण्याला 'कवाना' म्हणतात. सोळाव्या शतकातील योसेफ कारो यांच्या 'शुल्हान अरुख' या संहितेनुसार पहिले वाक्य लक्षाविना म्हटले गेले तर ते पुन्हा म्हणावे लागते. पुढील मजकुराबाबत एवढी सक्ती नाही.

नियमांतील सवलतीही याच निकषावर आधारलेल्या आहेत. झाडावर किंवा बांधकामावर काम करणाऱ्या मजुराने तेथेच थांबून शेमा वाचावा, खाली उतरण्याची गरज नाही. प्रार्थनेसाठी मात्र तशी परवानगी नाही. ज्याच्यासमोर आप्ताचे प्रेत अंत्यविधीच्या प्रतीक्षेत आहे तो शेमातून मुक्त असतो. विवाहाच्या पहिल्या रात्री वरालाही सूट आहे, कारण त्याचे चित्त थाऱ्यावर नसते. रब्बान गमलिएल यांनी ही सूट स्वतः मात्र घेतली नाही. स्वर्गीय राज्याचा स्वीकार एका घटकेसाठीही सोडणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी शिष्यांना दिले. मध्ययुगीन शास्त्रकारांनी पुढे ही सवलत काढूनच टाकली. त्यांचे कारण मार्मिक आहे: आजकाल कोणीच पुरेशा एकाग्रतेने वाचत नाही, तेव्हा न वाचणारा वर स्वतःला इतर दिवशी एकाग्र असल्याचे मिरवतो असे दिसेल.

भाषेबाबत रब्बी यहुदा हानासी यांचे मत हिब्रूच हवी असे होते. शब्द जसे आहेत तसेच राहावेत, असा त्यांचा आधार. विद्वानांनी 'शेमा' या शब्दाचाच आधार घेतला. त्या शब्दात समजून घेणेही येते, म्हणून जी भाषा कळते त्या भाषेत वाचावे. निर्णय विद्वानांच्या बाजूने लागला आणि कोणत्याही भाषेतील शेमा वैध ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या 'मिश्ना बेरुरा' या ग्रंथात यिस्रायल मेइर कागान यांनी या मोकळिकीला व्यवहारात मर्यादा घातली. पाठातील 'तोताफोत' (कपाळावर बांधावयाची वस्तू) यांसारख्या शब्दांचे नेमके भाषांतर कोणालाच येत नाही, म्हणून हिब्रू सोडू नये, असे ते सांगतात.

उच्चारांवरील बारकाईचा उगमही येथेच आहे. एका शब्दाचा अंत्य वर्ण पुढील शब्दाच्या आद्य वर्णात मिसळू नये म्हणून मध्ये किंचित थांबावे लागते. तिसऱ्या उताऱ्यातील 'स्मरण करा' या क्रियापदातील 'झ' ठळक उच्चारावा लागतो. तो 'स' ऐकू आल्यास मोबदला मिळविण्याचा अर्थ निघतो.

कोणाला बंधनकारक

ठरावीक वेळेशी बांधलेल्या विधायक आज्ञांतून स्त्रिया सामान्यतः मुक्त आहेत. त्या तत्त्वानुसार मिश्नाने स्त्रिया, दास व लहान मुले यांना शेमातून सूट दिली. अमिदा व मेझुझा मात्र स्त्रियांना बंधनकारक आहेत. सूट आहे म्हणजे बंदी आहे असे नव्हे. शुल्हान अरुख स्त्रियांना स्वर्गीय राज्याचा स्वीकार करावयास शिकविणे योग्य मानते, आणि पोलंडमधील शास्त्रकार मोशे इस्सर्लिस यांनी त्यांनी किमान पहिले वाक्य म्हणावे अशी पुस्ती जोडली. सनातनी घरांतही हा पाठ मुलाला बहुधा आईकडूनच, झोपविताना, प्रथम ऐकू येतो. कायद्यातील सूट व प्रत्यक्ष व्यवहार यांत येथे बरेच अंतर आहे.

हे कर्तव्य तोराहप्रणीत की रब्बीप्रणीत, हाही जुना वाद आहे. त्याला व्यावहारिक बाजू आहे: वाचले की नाही अशी शंका आल्यास तोराहप्रणीत कर्तव्य पुन्हा पार पाडावे लागते, रब्बीप्रणीत नाही. रब्बी एलाझार यांच्या मतानुसार शंका असल्यास पुन्हा वाचावे, हे मत मान्य झाले. मायमोनिडीस (मोशे बेन मायमोन, ११३८–१२०४) यांनी दिवसातून दोनदा शेमा वाचणे ही ६१३ आज्ञांपैकी एक म्हणून नोंदविली.

पहिल्या वाक्याचा अर्थ

हिब्रूत पहिले वाक्य अवघ्या सहा शब्दांचे आहे आणि त्यातील शेवटच्या चार शब्दांत क्रियापद नाही. त्यामुळे ते एक विधान आहे की दोन, आणि शेवटचा 'एहाद' (एक) हा शब्द संख्या सांगतो, एकमेवता सांगतो की एकसंधता, हे व्याकरणाने ठरत नाही.

राशी यांनी वाक्याला काळाची जोड दिली. आज जो केवळ आमचा ईश्वर आहे व इतर राष्ट्रांचा नाही, तोच भविष्यकाळी सर्वांचा एक ईश्वर होईल, असा त्यांचा अर्थ आहे. त्यांचे दुसरे नातू राश्बाम सरळ अर्थाचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या मते येथे फक्त तोच आमचा ईश्वर आहे, त्याच्या जोडीला दुसरा नाही, एवढेच म्हटले आहे. मायमोनिडीस यांना 'एक' हा तत्त्वज्ञानाचा सिद्धांत वाटला. ईश्वराचे एकत्व भागांनी बनलेल्या वस्तूसारखे नाही व एखाद्या जातीतील एका व्यक्तीसारखेही नाही, त्या एकत्वाला जगात तुलना नाही, असे त्यांनी मांडले. आजोबांनी त्यात आशा वाचली, नातवाने निष्ठा आणि कैरोतील वैद्य-तत्त्वज्ञाने तर्क. तिन्ही वाचने आजही शिकविली जातात.

तोराहच्या हस्तलिखित गुंडाळीत या वाक्यातील पहिल्या शब्दाचे अंत्य अक्षर 'अयिन' व शेवटच्या शब्दाचे अंत्य अक्षर 'दालेत' मोठ्या आकारात लिहितात. ही दोन अक्षरे मिळून 'एद' म्हणजे साक्षीदार हा शब्द होतो, असे पारंपरिक स्पष्टीकरण आहे. दालेत मोठे काढण्याचे व्यावहारिक कारणही दिले जाते. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या 'रेश' अक्षराशी घोटाळा झाला तर 'एक' ऐवजी 'दुसरा' असे वाचले जाईल, आणि वाक्याचा अर्थ नेमका उलटेल.

कुजबुजलेले वाक्य

पहिल्या वाक्यानंतर ईश्वराच्या राज्याच्या गौरवाचे एक वाक्य हलक्या आवाजात म्हणतात. ते तोराहतील नाही, आणि मोशेने न सांगितलेले वाक्य तोराहच्या मजकुरात घालणे खटकणारे होते. तालमूदमध्ये त्यासाठी याकोबाच्या मृत्युशय्येची कथा येते. याकोबाला इस्रायल असेही नाव होते. आपल्या मुलांपैकी कोणी श्रद्धेत कमी तर नाही ना, अशी त्याला चिंता वाटली. तेव्हा बाराही मुलांनी वडिलांना त्यांच्या नावाने हाक मारून शेमाचे पहिले वाक्य म्हटले आणि समाधानाने याकोबाने हे गौरववाक्य उच्चारले. आता ते म्हणावे तर मोशेने म्हटले नाही, न म्हणावे तर याकोबाने म्हटले आहे; म्हणून हळू म्हणण्याचा मार्ग निघाला. खरपुडीच्या वासाने मोह पडलेल्या, पण मागण्यास लाजणाऱ्या राजकन्येला दासदासींनी गुपचूप ती आणून दिली, असा दृष्टांत तालमूद येथे देतो. दुसऱ्या एका कथेनुसार मोशेने हे वाक्य देवदूतांकडून ऐकले होते. म्हणूनच योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, जेव्हा उपवासामुळे माणसे देवदूतांसारखी होतात, ते मोठ्याने म्हणतात.

चालीरीती

पहिले वाक्य म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकतात. यहुदा हानासी तसे करीत असत, असे तालमूद नोंदवतो. 'एहाद' शब्दाचा अंत्य वर्ण लांबवून चारही दिशा, पृथ्वी व आकाश यांवरील ईश्वराच्या सत्तेचे चिंतन करावे असा संकेत आहे. तिसऱ्या उताऱ्यात गोंड्यांचा उल्लेख येतो तेव्हा सकाळी त्यांचे चुंबन घेतात.

हातावर बांधावे व चौकटीवर लिहावे या आज्ञांतून दोन वस्तू निर्माण झाल्या. तेफिलीन या चामड्याच्या पेट्यांत शेमाचे पहिले दोन उतारे व निर्गम ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील दोन उतारे लिहिलेली चर्मपत्रे असतात. मेझुझा हे चर्मपत्र दाराच्या उजव्या चौकटीवर लावतात व त्यात शेमाचे पहिले दोन उतारे असतात. ते उभे लावावे असे राशी यांचे मत होते, तर आडवे लावावे असे रब्बेनू ताम यांचे. अश्केनाझी घरांत मेझुझा तिरका दिसतो, तो आजोबा-नातवांच्या या वादात काढलेला मध्यम मार्ग आहे.

मृत्यूच्या क्षणी

जिवाने प्रेम करण्याची आज्ञा मिश्नाने कायद्याच्या भाषेत स्पष्ट केली. अंतःकरणाने म्हणजे चांगल्या व वाईट अशा दोन्ही प्रवृत्तींनी, जिवाने म्हणजे तो तुझा जीव घेत असला तरी, आणि बळाने म्हणजे सर्व संपत्तीने. बार कोखबाच्या बंडानंतर (इ.स. १३२–१३५) रोमनांनी रब्बी अकिवा यांना मृत्युदंड दिला. तालमूदमधील वर्णनानुसार लोखंडी फण्यांनी त्यांचे मांस ओरबाडले जात असताना शेमाची वेळ झाली आणि ते वाचू लागले. शिष्यांनी आश्चर्याने विचारता, 'जिवाने' या शब्दाचा प्रत्यय आपल्याला कधी येईल याची आयुष्यभर चिंता होती, असे त्यांनी सांगितले, आणि 'एहाद' शब्द लांबवीत असतानाच त्यांचा प्राण गेला. या कथेतही ते वेळेच्या नियमाचेच पालन करीत आहेत, हे नजरेआड होऊ नये. धर्मासाठी मरण पत्करणाऱ्यांनी व मरणासन्न व्यक्तींनी शेमाचे पहिले वाक्य म्हणण्याच्या प्रथेला या कथेने आदर्श पुरविला. मध्ययुगीन युरोपातील कत्तलींपासून नाझी छळछावण्यांपर्यंत तो पाळला गेल्याच्या नोंदी आहेत.

आधुनिक काळातील बदल

एकोणिसाव्या शतकापासून सुधारक चळवळीला दुसरा उतारा अडचणीचा वाटू लागला. पाऊस व दुष्काळ हे आज्ञापालनाचे फळ आहे, हे तिच्या अनुयायांना पटेना. अमेरिकेतील सुधारकांच्या प्रार्थनापुस्तकांतून तो दीर्घकाळ वगळण्यात आला. सनातनी पक्षाच्या दृष्टीने तोराहने स्वतःच सांगितलेल्या शब्दांत अशी निवड करण्याचा अधिकार कोणालाही नाही. उत्तर देताना काही भाष्यकारांनी व्याकरणाकडे बोट दाखविले. पहिल्या उताऱ्यातील आज्ञा एकवचनी आहेत, दुसऱ्यातील बहुतांशी अनेकवचनी. म्हणून दुसरा उतारा व्यक्तीच्या नव्हे तर समाजाच्या कर्मफळाविषयी आहे, असे ते म्हणतात.

बेने इस्रायल समाजातील शेमा

कोकणातील बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाच्या इतिहासात शेमाला विशेष स्थान आहे. समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळील नवगाव येथे फुटले, सात जोडपी वाचली आणि धर्मग्रंथ समुद्रात नाहीसे झाले. पुढे तेल गाळण्याचा व्यवसाय व शनिवारची सुटी यांमुळे ते 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेले. सुंता, शब्बाथ, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि शेमाचे पहिले वाक्य एवढे त्यांनी जतन केले. हिब्रूचे इतर ज्ञान उरले नव्हते. सुंता, विवाह व मृत्यू अशा सर्व प्रसंगी तेच वाक्य म्हटले जाई. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या समाजाच्या इतिहासात याची माहिती आहे.

हलाखाच्या चौकटीत पाहिल्यास हे उदाहरण विलक्षण आहे. मिश्नाने ज्याला आरंभस्थान दिले तो वेळेचा नियम येथे लुप्त झाला होता, तीन उताऱ्यांचा क्रमही राहिला नव्हता, आणि तरीही ज्या एका वाक्याबाबत शास्त्र सर्वाधिक काटेकोर आहे नेमके तेच टिकले. डेव्हिड रहाबी या व्यक्तीने समाजाला ओळखून तीन तरुणांना धर्मशिक्षण दिले, अशी परंपरा आहे. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सभास्थान उभारले. कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे सेफार्दी (स्पेनमधून विखुरलेल्या ज्यूंच्या) पद्धतीची दैनंदिन उपासना रुजली व शेमाही पुन्हा सकाळ-संध्याकाळचा झाला.

एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. कळणाऱ्या भाषेत शेमा वाचावा या मिश्नातील विद्वानांच्या निर्णयाचा लाभ मराठी वाचकांना त्यामुळे मिळाला. सभास्थानात मात्र पाठ हिब्रूतच होत राहिला. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलमध्ये स्थलांतरित झाला व लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा या शहरांत स्थायिक झाला.